सम्राट, समिती आणि सत्य : एका ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कांदके राणीचा इथिओपियन खजिनदार आपल्याला भेटतो. यरुशलेमची यात्रा आटोपून तो रथातून स्वदेशी परतत आहे आणि वाटेत यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत आहे. वाचलेल्याचा अर्थ लागतो का, अशी पृच्छा फिलिप करतो, तेव्हा उलगडून सांगणारा कोणी नसल्याची कबुली तो मोठा अधिकारी निःसंकोचपणे देतो. बायबलमधील हा इथिओपिया म्हणजे आजच्या सुदानमधील मेरोएचे प्राचीन राज्य होय, असे अभ्यासक सांगतात. तथापि इथिओपियाची ख्रिस्ती परंपरा त्या खजिनदाराला आपला पूर्वज मानीत आली आहे. राजदरबारात वावरणारा माणूस आपले अज्ञान इतक्या सहजपणे कबूल करतो, हे त्या प्रसंगातील आम्हांस नेहमीच विलोभनीय वाटत आले आहे.

त्याच देशाच्या अखेरच्या सम्राटाच्या दरबारावर लिहिलेल्या एका गाजलेल्या ग्रंथाविषयी येथे लिहावयाचे योजले आहे. पोलिश लेखक रिशार्ड कापुश्चिन्स्की यांचा ‘सम्राट’ हा ग्रंथ १९७८ साली पोलंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. तेव्हापासून जगातील अनेक भाषांत तो वाचला जात आहे. पुण्यास ईशज्ञानाचा अभ्यास करीत असताना आम्ही तो प्रथम वाचला. बर्लिनची भिंत नुकतीच कोसळली होती, पूर्व युरोपातील राजवटी एकामागून एक ढासळत होत्या आणि १९९१ च्या मे महिन्यात इथिओपियाची साम्यवादी राजवटही संपुष्टात आली होती. अशा दिवसांत हा ग्रंथ हाती पडला आणि एका रात्रीत वाचून संपला. पुढे त्यातील एक प्रसंग आम्ही अनेक प्रवचनांतून सांगितला. आज त्या ग्रंथाकडे पुन्हा वळण्याचे कारण तो प्रसंगच आहे.

आपल्या वाचकांना हा देश अगदीच परका वाटू नये. मराठीतील ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ म्हणजे ॲबिसिनिया, अर्थात इथिओपिया, या देशनामावरूनच आला. जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख आपल्या इतिहासात ‘हबसाण’ म्हणून ओळखला जाई. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा दख्खनचा सूत्रधार झाला आणि १६१० साली त्याने वसविलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद व आताचे छत्रपती संभाजीनगर. आधुनिक काळातही हा संबंध तुटला नाही. सम्राट हैले सेलासी १९५६ साली भारतभेटीस आले होते. हरार येथील त्यांच्या लष्करी अकादमीत भारतीय सेनाधिकारी शिकवीत असत आणि इथिओपियाच्या शाळांतून अनेक भारतीय शिक्षकांनी अध्यापन केले आहे.

‘हैले सेलासी’ या नावाचा अर्थ ‘त्रैक्याचे सामर्थ्य’ असा होतो. १९१६ पासून रीजंट म्हणून कारभार पाहणारे रास तफारी २ नोव्हेंबर १९३० रोजी या नावाने सम्राट झाले. राजा शलमोन व शेबाची राणी यांचा पुत्र मेनेलिक हा आपला मूळ पुरुष, असे हे घराणे मानीत असे आणि १९५५ च्या राज्यघटनेत तसे लिहिलेलेही होते. इटलीच्या आक्रमणानंतर १९३६ साली जिनीव्हाच्या राष्ट्रसंघापुढे उभे राहून त्यांनी दुर्बल राष्ट्रांची बाजू मांडली, तेव्हा सारे जग त्यांच्याकडे आदराने पाहत होते. १९४१ साली ते सिंहासनावर परतले. १९६३ साली आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना त्यांच्याच राजधानीत, अदिस अबाबा येथे, झाली. असा हा राजा १२ सप्टेंबर १९७४ रोजी पदच्युत झाला. सैनिकांनी त्याला एका हिरव्या फोक्सवॅगन मोटारीत बसवून राजवाड्याबाहेर नेले.

कापुश्चिन्स्की यांनी या पतनाची कथा सम्राटाच्या तोंडून सांगितलेली नाही, क्रांतिकारकांच्या तोंडूनही नाही. सिंहासन कोसळल्यावर लेखक अदिस अबाबात जातो, लपून राहिलेल्या जुन्या दरबारी लोकांना रात्रीच्या वेळी भेटतो आणि त्यांच्या आठवणी लिहून घेतो, अशी ग्रंथाची मांडणी आहे. प्रत्येक साक्षीवर पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरे आहेत. ग्रंथाचे तीन भाग आहेत : पहिल्यात सिंहासनाचा दिनक्रम, दुसऱ्यात येऊ घातलेल्या संकटाची चाहूल आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष कोसळणे.

पहिला भाग विसरता येण्यासारखा नाही. सम्राट ठेंगणे आणि सिंहासने उंच. राजाचे पाय अधांतरी लोंबकळू नयेत म्हणून पायांखाली योग्य जाडीची उशी नेमक्या क्षणी सरकविणे एवढेच काम करणारा एक सेवक येथे बोलतो. सव्वीस वर्षे त्याने ही सेवा केली आणि त्याच्या भांडारात बावन्न उशा होत्या. आणखी एक सेवक घड्याळातील कोकिळेप्रमाणे ठरल्या वेळी पुढे येऊन वाकतो आणि एक प्रहर संपून दुसरा सुरू झाल्याचे सुचवितो. सकाळी उद्यानात सम्राट प्राण्यांना खाऊ घालीत फिरतात आणि हेर एकामागून एक पाठीमागून चालत त्यांच्या कानी कुजबुजतात. आणि लुलू नावाचे ते छोटे कुत्रे! समारंभात ते मान्यवरांच्या पायांवर मूत्रविसर्जन करी. मान्यवरांनी पाय हलवायचा नाही, चेहऱ्यावरची सुरकुतीही बदलायची नाही. एक सेवक रेशमी फडके घेऊन त्यांचे जोडे पुसत जाई आणि हेच काम त्याने दहा वर्षे केले.

लाचारी माणसाला कोठवर नेते, हे सांगण्यासाठी आम्ही लुलूची ही गोष्ट प्रवचनांतून सांगत आलो. लोक हसत, मग गंभीर होत आणि आमचा हेतू साध्य होई.

या साक्षींची भाषा हे ग्रंथाचे खरे वैभव होय. उशीवाहक आपल्या कामाबद्दल एखाद्या शास्त्राबद्दल बोलावे तसा बोलतो. कृतज्ञता, निष्ठा आणि सूक्ष्म अभिमान यांनी त्याचे बोलणे ओथंबलेले आहे आणि तो स्वतः उपरोधाने एक शब्दही उच्चारीत नाही. उपरोध वाचकाच्या मनात उमटतो. मूळ पोलिशमध्ये लेखकाने जुन्या, कित्येक शतकांपूर्वीच्या दरबारी पोलिश भाषेची शब्दकळा मुद्दाम वापरली आहे. मराठीत कोणी हा ग्रंथ आणू म्हणेल तर त्याला बखरीच्या भाषेकडे वळावे लागेल. राजा मोटारीतून फिरतो, विमानाने परदेशी जातो, पण त्याचे सेवक त्याच्याविषयी बखरीच्या भाषेत बोलतात. या विसंगतीतूनच एका कालबाह्य सत्तेचे चित्र उभे राहते. शैलीने आशय वाहून नेल्याचे इतके उत्तम उदाहरण आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

दुसऱ्या भागात दुष्काळ येतो. १९७२ ते १९७४ या काळात वोल्लो व तिग्राई प्रांतांत पडलेल्या दुष्काळात निदान ४० हजार माणसे मेली. काही अंदाज २ लाखांपर्यंत जातात. शासनाने ही वार्ता दडपण्याचा प्रयत्न केला. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये जोनाथन डिम्बलबी या ब्रिटिश पत्रकाराच्या दूरचित्रवाणीपटाने ती जगापुढे आणली. १९७४ च्या आरंभी सैन्यात बंडाळी सुरू झाली. इंधनाच्या भाववाढीविरुद्ध टॅक्सीचालकांनी आणि पाठोपाठ शिक्षकांनी संप पुकारले. जूनमध्ये कनिष्ठ सेनाधिकारी व सैनिक यांच्या प्रतिनिधींची एक समिती स्थापन झाली. तिचे नाव ‘देर्ग’. त्या शब्दाचा अर्थही ‘समिती’ एवढाच होतो. या समितीने सम्राटाचे मंत्री एकेक करून अटकेत टाकले, तेही सम्राटाच्याच नावाने, त्याच्याविषयी निष्ठा व्यक्त करीत. सिंहासनावर घाव न घालता त्याचे पाय हळूहळू कापत नेण्याची ही रीत कापुश्चिन्स्की यांनी विलक्षण नेमकेपणाने टिपली आहे. शेवटी प्रचंड राजवाड्यात वृद्ध सम्राट आणि एक वृद्ध सेवक एवढेच उरतात. ग्रंथाच्या अखेरच्या पानावर सम्राटाच्या निधनाची वृत्तपत्रातील त्रोटक बातमी येते आणि पुस्तक संपते.

इथवर आम्ही जे लिहिले ते आमच्या पहिल्या वाचनाचे सार आहे. पुनर्वाचनाची वेळ आली ती अशी. आमच्या धर्मग्रामातील वाचक मंडळात या ग्रंथाविषयी बोलताना आम्ही पुन्हा लुलूची कथा सांगितली. कार्यक्रम संपल्यावर महाविद्यालयात इतिहास शिकणारा एक तरुण जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “फादर, ही गोष्ट खरी आहे का? की दाखला आहे?” आम्ही तत्काळ उत्तर दिले की, खरीच आहे, छापलेली आहे. तो “बरं, फादर” म्हणून निघून गेला. मात्र घरी परतल्यावर आमच्या लक्षात आले की, आपण त्याला पुरावा दिला नाही, केवळ आपल्या पदाचा धाक दिला. तेव्हा आम्ही शोध घेऊ लागलो.

जे हाती आले ते सुखावह नव्हते. इथिओपियाच्या इतिहासाचे अमेरिकन अभ्यासक हॅरल्ड मार्कस यांनी १९९० सालीच या ग्रंथाच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका केलेली होती. ब्रिटिश लेखक जॉन राइल यांनी २००१ साली त्याच दिशेने सविस्तर लिहिले. पुढे २०१० साली आर्तुर दोमोस्वावस्की या पोलिश पत्रकाराने कापुश्चिन्स्की यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि आपल्या या गुरुतुल्य लेखकाने वास्तव व कल्पित यांची सीमारेषा वारंवार ओलांडली असल्याचे दाखवून दिले. दरबाराशी परिचय असलेल्या इथिओपियन लोकांनीही जोडे पुसणाऱ्या सेवकासारख्या गोष्टी नाकारल्या आहेत. सम्राटांचे लुलू नावाचे कुत्रे होते, हे खरे. फडके घेऊन फिरणारा सेवक मात्र एका आद्याक्षरामागे लपलेला आहे आणि त्याला शोधून काढण्याचा मार्ग कोणापाशीही नाही.

एक उदाहरण पडताळून पाहण्यासारखे आहे. सम्राट काही वाचीत नसत आणि लिहीतही नसत, सर्व कारभार केवळ कानाने चाले, असे ग्रंथातील एक साक्षीदार सांगतो. वस्तुस्थिती काय आहे? लहानपणी हरार येथे तफारीला फ्रेंच शिकविण्याची व्यवस्था कापुचिन मिशनचे बिशप आंद्रे जारोसो यांनी केली होती आणि त्याचे शिक्षक होते अब्बा सॅम्युएल हे इथिओपियन कॅथलिक विद्वान. १९१५ साली हरामाया सरोवरात नाव बुडाली, त्या अपघातातून तफारी वाचला आणि त्याचे हे शिक्षक मृत्यू पावले. सम्राटांनी आत्मचरित्र लिहिलेले आहे. त्याच्या पहिल्या खंडाचा इंग्रजी अनुवाद १९७६ साली प्रसिद्धही झाला. आपल्याच ख्रिस्तसभेच्या एका शिक्षकाने ज्याला अक्षरज्ञान दिले, त्याला अक्षरशत्रू ठरविणारे वाक्य आम्ही एका रात्रीत वाचून खरे मानले होते!

येथे ग्रंथाचे चाहते एक उत्तर देतात. ते असे की, हा ग्रंथ इथिओपियाविषयी नाहीच. तो पोलंडविषयी आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. १९७८ साली पोलंडवर एडवर्ड गिएरेक यांची सत्ता होती. परदेशी कर्जे काढून प्रगतीचा देखावा उभा केला जात होता, वरिष्ठांपुढे खोटे अहवाल ठेवले जात होते आणि पक्षनेत्यांभोवती खुशमस्कऱ्यांचा दरबार जमला होता. पोलिश वाचकाने ‘सम्राट’ उघडले आणि त्याला आपलेच नेते दिसले. परीक्षण खाते आफ्रिकेतील एका राजाविषयीच्या पुस्तकाला कसे अडविणार? त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात क्राकोवचे कार्डिनल वोयतिवा पोप दुसरे जॉन पॉल झाले. १९७९ च्या जूनमध्ये ते मायदेशी आले आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये ‘सॉलिडॅरिटी’चा उदय झाला. ज्या काळात पोलिश जनता भयाची कात टाकीत होती, त्या काळात या ग्रंथाने तिला हसण्याचे बळ दिले. ही साहित्याची मोठी सेवा आहे आणि तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही.

असे असले तरी आमचे समाधान होत नाही. प्रभू येशूनेही दाखल्यांतून शिकविले. उधळ्या पुत्राचे गाव कोणते, असे आपण विचारीत नाही, कारण तो दाखला आहे हे ऐकणाऱ्याला आरंभापासून ठाऊक असते. ‘सम्राट’ मात्र साक्षीच्या वेषात येतो. ‘मी स्वतः ऐकले’ अशी लेखकाची भूमिका आहे आणि त्या भूमिकेवरच वाचकाचा विश्वास उभा आहे. शिवाय ज्यांच्या तोंडी हे शब्द घातले, ती माणसे कोण होती? सत्ता गमावलेली, भयभीत, नवी राजवट दारावर कधी येईल या चिंतेत जगणारी. त्यांच्यापैकी कोणी पुढे येऊन ‘मी असे बोललो नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नव्हता. आपल्या देशातील सत्य सांगण्यासाठी दुसऱ्या देशातील दुर्बलांचे मुखवटे वापरावे काय? पोलिश वाचकाला मुखवट्यामागचा चेहरा दिसत होता. परंतु पॅरिसच्या, लंडनच्या आणि पुण्याच्याही वाचकाने मुखवट्यालाच चेहरा मानले. आफ्रिकी राजा म्हणजे असाच विक्षिप्त असणार, हा पूर्वग्रह आमच्याही मनात होता. तो नसता तर लुलूच्या कथेवर आम्ही इतक्या तत्परतेने विश्वास ठेवला नसता.

गंमत अशी की, ग्रंथातच या दोषाची नोंद आहे. ११ सप्टेंबर १९७४ च्या रात्री देर्गने डिम्बलबी यांचा दुष्काळपट इथिओपियाच्या दूरचित्रवाणीवर दाखविला, पण त्यात राजवाड्यातील मेजवान्यांची दृश्ये मधेमधे जोडून. एकीकडे हाडांचे सापळे, दुसरीकडे केक आणि शॅम्पेन. सम्राटालाही तो पाहावयास लावले. दुसऱ्या सकाळी त्याला पदच्युत करण्यात आले आणि फारसा निषेध झाला नाही. त्या पटातील एकही दृश्य बनावट नव्हते. जोडणी मात्र हेतुपूर्वक होती. कापुश्चिन्स्की यांनी हा प्रसंग सांगितला आहे आणि त्यांच्या ग्रंथाची रचनाही तीच आहे. मेजवानीनंतर उरलेले अन्न राजवाड्यामागे अनवाणी भिकाऱ्यांच्या गर्दीपुढे फेकले जात असल्याचे दृश्य त्यांनी १९६३ साली स्वतः पाहिल्याचे लिहिले आहे. जोडणीचे सामर्थ्य ते पूर्णपणे जाणून होते.

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र निराळा आहे. ग्रंथ जेथे संपतो तेथे इथिओपियाची कथा संपत नाही. सम्राटाच्या निधनानंतर तीन वर्षांनी तो प्रसिद्ध झाला आणि त्या तीन वर्षांत जे घडले त्याची सावलीही या पानांवर धड पडलेली नाही.

न्याय्य बोलावयाचे तर क्रांतीच्या आरंभी आशेला जागा होती. ४ मार्च १९७५ च्या आदेशाने सर्व ग्रामीण जमीन जनतेच्या मालकीची झाली, कुळांच्या माथ्यावरचा खंड संपला आणि एका कुटुंबाला १० हेक्टरपर्यंत जमीन कसण्याची मुभा मिळाली. ‘कसेल त्याची जमीन’ ही मागणी तेथील विद्यार्थी १९६५ पासून करीत होते. कूळकायदा ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना या आनंदाची कल्पना येईल. जमीनदारांत तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभाही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. भुकेल्या कुळाच्या खंडावर मंदिराची वेदी उभी असेल, तर क्रांतीने त्या वेदीला हात घातल्यावर कुळाने अश्रू का ढाळावेत?

पण त्याच समितीने २३ नोव्हेंबर १९७४ रोजी दोन माजी पंतप्रधानांसह सुमारे ६० जणांना कोणताही खटला न चालविता ठार केले होते. डिसेंबरात समाजवादाची घोषणा झाली. मार्च १९७५ मध्ये राजेशाही विधिवत रद्द झाली. २७ ऑगस्ट १९७५ रोजी सम्राटाचे निधन झाले. आजाराने, असे तेव्हा सांगण्यात आले. राजवट गेल्यानंतरच्या खटल्यात त्यांचा श्वास कोंडून वध झाल्याचे पुढे आले. त्यांचा देह राजवाड्याच्या आवारातच पुरला होता. तो १९९२ साली सापडला आणि ५ नोव्हेंबर २००० रोजी अदिस अबाबाच्या पवित्र त्रैक्याच्या महामंदिरात त्यांना ख्रिस्ती दफन मिळाले. १९७७ च्या फेब्रुवारीत मेंगिस्तू हैले मरियम यांनी सहकाऱ्यांना ठार करून सर्व सत्ता हाती घेतली. एप्रिल महिन्यात भर चौकात लाल द्रवाने भरलेल्या बाटल्या फोडून त्यांनी शत्रूंचे रक्त सांडण्याची घोषणा केली. त्यानंतरच्या ‘लाल दहशती’त हजारो तरुण मारले गेले आणि त्यांत ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणारे विद्यार्थी बहुसंख्येने होते. ‘सम्राट’चे प्रकरण पोलिश वाचक चवीने वाचीत होता, त्याच वर्षी अदिस अबाबाच्या रस्त्यांवर प्रेते पडत होती. पोलंड तेव्हा सोविएत गटातले राष्ट्र होते आणि नवी इथिओपियन राजवट सोविएत गटाची मित्र झाली होती. लेखक १९८१ पर्यंत पोलंडच्या सत्ताधारी पक्षाचा सदस्य होता. मेलेल्या राजाविषयी लिहिण्यास परवानगी होती. जिवंत हुकूमशहाविषयी लिहिणे अवघड होते. हे आम्ही दोषारोप म्हणून लिहीत नाही; पण ग्रंथाचे मोजमाप करताना त्याचे मौनही तोलले पाहिजे.

त्या मौनात दोन नावे आहेत, जी आपल्या वाचकांना ठाऊक असावीत. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे पेट्रिआर्क अबुना तेवोफिलोस यांना १९७६ साली पदच्युत करून कैदेत टाकण्यात आले आणि १९७९ साली त्यांचा वध झाला. मेकाने येसुस या प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभेचे सरचिटणीस गुदिना तुम्सा यांना देश सोडण्याची संधी मिळाली होती. आपल्या लोकांना सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. त्यांनाही १९७९ साली पळवून नेऊन मारण्यात आले. या दोघांपैकी कोणीही कोणाच्या पायाखाली उशी सरकविली नाही. दरबारावरच्या ग्रंथात अशा माणसाला जागा नाही, आणि म्हणून सत्तेपुढे सर्वच माणसे सारखी वाकतात, असा ग्रंथाचा ठसा उमटतो. तो ठसा अपुरा आहे.

आणि मग १९८४. क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनी सप्टेंबरमध्ये राजधानीत भव्य सोहळे झाले, नव्या कामगार पक्षाची स्थापना झाली. आणि उत्तरेत पुन्हा माणसे उपाशी मरत होती. ती वार्ताही प्रथम दडपली गेली. २३ ऑक्टोबर रोजी कोरेम येथून बी.बी.सी.चा वृत्तान्त प्रसारित झाला तेव्हा जग हादरले. मृतांचे अंदाज ४ लाखांपासून १० लाखांपर्यंत आहेत. मदर तेरेसांच्या भगिनी सम्राटाच्या काळातच, १९७३ साली, तेथे पोहोचल्या होत्या. दोन्ही दुष्काळांत त्या तेथेच राहिल्या. राजा असो वा समिती, दोघांनीही भुकेची बातमी लपविली. केक आणि शॅम्पेनची दृश्ये दाखवून सत्तेवर आलेल्यांनी दहा वर्षांत स्वतःच्या मेजवान्या सुरू केल्या. हा चौथा भाग कापुश्चिन्स्की यांनी लिहिला असता तर त्यांच्या ग्रंथाची उंची किती वाढली असती!

आता थोडे आपल्याविषयी. इथिओपियाच्या सिंहासनाशी कॅथलिक ख्रिस्तसभेचाही एकदा निकटचा संबंध आला होता आणि त्याचा एक धागा गोव्याशी जुळलेला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी पेद्रो पाएज हे येशूसंघीय धर्मगुरू भारतातून तेथे गेले. सौम्य वृत्तीच्या या पंडिताने लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६२२ साली सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला. पाएज त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्यानंतर पेट्रिआर्क म्हणून आलेल्या अफोन्सो मेंदेस यांनी राजाच्या बळावर लॅटिन रीतिरिवाज लादले. बंडे झाली, रक्तपात झाला आणि १६३२ साली सुसेन्योस सिंहासनावरून पायउतार झाला. नव्या राजाने मिशनऱ्यांना हद्दपार केले. मेंदेस गोव्यास परतले आणि १६५६ साली तेथेच त्यांचा अंत झाला. सिंहासनाच्या पायऱ्यांनी आलेला धर्म सिंहासनाबरोबरच गेला. तेव्हा दरबारी लोकांना हसण्यापूर्वी आपणही कधी काळी तेथे उभे होतो, हे स्मरणे बरे.

आणि कधी काळीच असे तरी का म्हणावे? धर्मगुरूच्या निवासातही छोटासा दरबार भरू शकतो. तोंडावर गोड बोलणारे, कानात कुजबुजणारे, खुर्ची पुढे करणारे येथेही असतात आणि ते आम्हांस आवडू लागतात. त्या तरुणाने विचारलेला प्रश्न आम्हांस क्षणभर आगाऊपणाचा वाटला होता, हे येथे कबूल करतो. पायांखाली उशी असण्याची सवय झाली की जमिनीचा स्पर्श टोचतो.

मग हा ग्रंथ वाचावा की नाही? अवश्य वाचावा, असे आमचे मत आहे. एक बोधकादंबरी म्हणून, सत्तेभोवतीच्या माणसांचा आरसा म्हणून तो अव्वल दर्जाचा आहे. तो इतिहास म्हणून कोणी हाती दिला, तर मात्र शेजारी दुसरे पुस्तकही ठेवावे. दुष्काळनिवारण आयोगाचे प्रमुख असलेले आणि पुढे देश सोडून गेलेले दावित वोल्डे गिओर्गिस यांचे ‘रेड टियर्स’ (१९८९) हे त्यासाठी उपयुक्त आहे; कारण तेथे साक्षीदार स्वतःच्या नावानिशी उभा आहे आणि क्रांतीत आपण कसे सामील झालो हेही तो सांगतो.

पुढच्या एका रविवारी प्रवचनात आम्ही लुलूची गोष्ट पुन्हा काढली आणि ती खरी असल्याची खात्री देता येत नाही, इतकी वर्षे आम्ही ती शहानिशा न करता सांगत आलो, असे स्पष्ट सांगितले. चर्चमध्ये थोडी चुळबुळ झाली. त्या गोष्टीऐवजी आम्ही गुदिना तुम्सांविषयी बोललो. ती गोष्ट खरी आहे आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही. मिस्सा संपल्यावर तो तरुण दाराशी भेटला. ‘रेड टियर्स’ वाचावयास मिळेल का, असे त्याने विचारले. आमच्याजवळची प्रत सध्या त्याच्याकडे आहे.